पोहण्याच्या तलावाची वाळू लोच माशांच्या टाकीत : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

जलशुद्धीकरणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मी सिलिका वाळूची एक गोणी मागितली, तेव्हा दुकानदारांनी वही उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "तलाव केवढा आहे?" चार फूट लांब आणि दीड फूट रुंद, असे मी सांगताच त्यांनी पेन खाली ठेवले. ही वाळू पोहण्याच्या तलावांचे आणि मोठ्या सोसायट्यांचे पाणी गाळणाऱ्या यंत्रांत भरली जाते. माशांच्या टाकीसाठी ती बनवलेली नाही आणि तसा दावाही गोणीवर कोठे नाही. त्यामुळे तिच्या मूळ कामाविषयी मला काहीच म्हणायचे नाही. लोच जातीच्या, म्हणजे टाकीच्या तळाशी राहणाऱ्या मिशाळ माशांना ती तळ म्हणून कितपत मानवते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

माझ्या पुण्यातील घरी दोन टाक्या आहेत. चार फुटी टाकीत सहा योयो लोच आहेत आणि दोन फुटी टाकीत आठ कुली लोच. योयो हा आपल्याच देशातला, गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांचा मासा. त्याच्या शास्त्रीय नावातले 'अल्मोऱ्हे' हे अल्मोड्यावरून आलेले आहे आणि लहान वयात त्याच्या अंगावरच्या काळ्या पट्ट्यांत इंग्रजी वाय आणि ओ ही अक्षरे दिसतात म्हणून व्यापारात तो योयो झाला. कुली मात्र आग्नेय आशियातला, गांडुळासारखा बारीक आणि लांबट, पालापाचोळ्याने झाकलेल्या संथ ओढ्यांच्या तळाशी राहणारा. दोघांचे तळाशी असलेले नाते वेगळे आहे. योयो तळ उकरतो, हुंगतो आणि चाचपतो, तर कुली तळात चक्क शिरून बसतो. त्यामुळे एकाच गोणीतल्या वाळूची दोन वेगळ्या कसोट्यांवर परीक्षा झाली.

वाळू येण्यापूर्वी दोन्ही टाक्यांत चार-पाच मिलिमीटर जाडीची रंगीत रेव होती. बहुतेक दुकानांत टाकी घेतली की हीच रेव पिशवीत भरून सोबत दिली जाते आणि तिच्याबद्दल कोणी प्रश्नही विचारत नाही. योयो त्या रेवेवर फिरत, पण अन्नाची गोळी दोन खड्यांच्या फटीत गेली की ती त्यांच्या दृष्टीने गेलीच. त्यांचे नाक तिथवर पोचत नसे आणि ती गोळी तिथेच कुजत राही. कुली तर मला आठवड्यातून एखाद्या वेळी दिसत. ते पाळलेले आहेत की केवळ विकत आणून विसरलेले, असा प्रश्न पडावा इतपत ती टाकी रिकामी वाटे. त्यातच दोन योयोंच्या मिशा आखूड आणि बोथट झाल्याचे मला काचेजवळून पाहताना आढळले. त्याचे सगळे खापर मी रेवेच्या टोकदार कडांवर फोडणार नाही, कारण फटींत साठलेल्या घाणीतले जिवाणूही मिशांची तितकीच हानी करतात. परंतु टोकदार कडा आणि साठणारी घाण या दोन्ही गोष्टी त्या रेवेनेच दिल्या होत्या, हेही खरे.

लोचची शरीररचना पाहिली की तळाला एवढे महत्त्व का, हे समजते. त्याचे तोंड खालच्या बाजूला वळलेले असते, ओठांभोवती मिशा असतात आणि त्या मिशांनीच तो अंधारात अन्न शोधतो. पोट सपाट असल्यामुळे विश्रांतीही तळाला टेकूनच घेतो. अंगावरचे खवले अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले असतात. पाण्याच्या मधल्या थरात पोहणाऱ्या बार्ब किंवा टेट्राला तळाशी काय पसरले आहे याने फारसा फरक पडत नाही. लोचसाठी मात्र तीच जमीन, तेच ताट आणि तेच अंथरूण असते. तरीही टाकी सजवताना आपण पाठीमागचे चित्र, रंगीत दिवा आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या यांवर पैसे घालवतो आणि तळासाठी उरलेली चिल्लर काढतो. मीही सात वर्षे तेच केले.

गोणीतल्या मालाविषयी आता सविस्तर लिहितो. या दुकानात वाळू चाळणीच्या क्रमांकाने मिळते आणि माझ्यापुढे 16/30 व 20/40 असे दोन पर्याय होते. पहिलीतले कण साधारण 0.6 ते 1.2 मिलिमीटरचे असतात आणि दुसरीतले साधारण 0.4 ते 0.85 मिलिमीटरचे. मी 20/40 घेतली आणि कुलींच्या दृष्टीने ती निवड योग्य ठरली. यापेक्षा बारीक, पिठासारखी वाळू तळाशी घट्ट बसते आणि जरासा धक्का लागला तरी पाण्यात तरंगते. जाड वाळूत कुलीला अंग घालायला अधिक जोर लावावा लागतो. आकाराइतकाच कणाचा घाटही महत्त्वाचा असतो. गाळणीसाठी विकली जाणारी सगळीच सिलिका वाळू गोलसर नसते, काही ठिकाणी दगड भरडून केलेलीही मिळते. म्हणून मी चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन अंगठ्याने जोरात चोळून पाहिली आणि घरी आणलेल्या नमुन्यावर भिंग धरले. कण काचेसारखे अर्धपारदर्शक, कडा झिजलेल्या आणि हाताला बोचत नसलेले निघाले. आपल्याकडे सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत आणि ती ओतकामाच्या व काचेच्या कारखान्यांना जाते. माझी गोणी तिथलीच होती का, हे मात्र दुकानदारांनाही सांगता आले नाही.

दुसरे पर्याय मी आधी पडताळून पाहिले होते. बांधकामावरची कृत्रिम वाळू फुकट मिळत होती, पण ती म्हणजे भरडलेला काळा दगड. तिच्या कडा इतक्या धारदार असतात की हातमोज्याशिवाय धुताना माझीच बोटे खरवडली, मग मिशांचे काय होईल ते सांगायला नको. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली असते आणि तो चुरा पाण्याचा कठीणपणा व सामू वाढवत राहतो. मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातून आलेल्या कुलीला ते मानवणारे नाही. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलून आणणे हे योग्यही नाही. नदीची वाळू उत्तम असते हे मान्य, परंतु ती कोठून आणि कशी उपसली आहे याची खात्री आज कोणी देऊ शकेल असे वाटत नाही. माशांच्या दुकानातली पाकीटबंद रंगीत वाळू मी दोन किलो आणून बादलीत भिजत घातली होती. तिसऱ्या दिवशी पाणी निळसर झाले आणि त्या पर्यायाचा विचार तिथेच संपला. वनस्पतींसाठी बनवलेली दाणेदार भाजकी माती दिसायला सुंदर असते, पण उकरणाऱ्या माशांखाली काही महिन्यांत तिचा चिखल होतो आणि तिची किंमत तर वेगळ्याच पातळीवरची असते.

सिलिका वाळूत चुन्याचा अंश आहे का, हे तपासण्यासाठी मी वाटीभर कोरड्या वाळूवर स्वयंपाकघरातला व्हिनेगर ओतला. फेस आला असता तर गोणी परत गेली असती, पण एकही बुडबुडा उठला नाही. त्यानंतर वाळू घातलेल्या बादलीतल्या पाण्याचा सामू दोन आठवडे मोजला आणि तो जागचा हलला नाही. धरणातून येणारे आमच्याकडचे नळाचे पाणी मुळात मऊ आहे, त्यामुळे तळाने त्यात काही मिसळू नये एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती पूर्ण झाली. ज्यांच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे त्यांनी मात्र वाळूच्या आधी पाण्याचाच विचार करावा, कारण ते पाणी मुळात कठीण असेल तर वाळू ते मऊ करू शकत नाही.

एक सूचना गोणीवर ठळक असायला हवी होती आणि ती नव्हती. कोरडी सिलिका वाळू ओतताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. खाणीत आणि ओतशाळेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग प्रसिद्ध आहे. एका गोणीने तसे काही होत नाही, हे खरे असले तरी बंद खोलीत गोणी उपडी करण्याचे कारण नाही. मी तोंडाला मास्क लावून, गच्चीवर, गोणीत आधीच पाणी शिंपडून वाळू काढली. पाण्यात गेल्यावर धुळीचा प्रश्न उरत नाही.

धुण्याचे काम मात्र अंत पाहणारे आहे. घमेल्यात चार-पाच किलो वाळू घ्यायची, पाणी सोडायचे, हाताने ढवळायचे, गढूळ पाणी ओतून द्यायचे आणि पाणी निवळेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. मला प्रत्येक घमेल्यासाठी दहा-बारा वेळा पाणी बदलावे लागले आणि त्यात आख्खा रविवार गेला. दुपारी गच्चीवर आलेल्या आईने, "मासे पाळायचे आहेत की भात लावायचा आहे?" असे विचारले आणि ते पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालायला लावले. हे काम न्हाणीघरात करू नये, असे मी आवर्जून सांगेन. मोरीच्या सापळ्यात वाळू बसली की ती काढण्यासाठी प्लंबरला जे द्यावे लागेल, त्यात वाळूच्या आणखी दोन गोण्या येतील.

मोठ्या टाकीत तीन सेंटिमीटरचा थर देण्यासाठी सुमारे 26 किलो वाळू लागली आणि कुलींच्या टाकीत चार सेंटिमीटरच्या थरासाठी 11 किलोच्या आसपास. म्हणजे 50 किलोच्या गोणीतून दोन्ही टाक्या भरून बारा-तेरा किलो वाळू उरली. थर यापेक्षा जाड करण्याचे काही कारण मला दिसत नाही. टाकीच्या स्टँडवर आधीच सव्वादोनशे लिटर पाण्याचा भार असतो, त्यात ही भर पडते हेही लक्षात घ्यावे.

रेव काढून वाळू घालताना एक गोष्ट सहज विसरली जाते. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू फिल्टरमध्ये असतात तसेच रेवेवरही असतात, आणि रेव फेकली की त्यांचा एक मोठा हिस्सा एका झटक्यात जातो. त्यामुळे मी फिल्टरमधील स्पंजाला हात लावला नाही, थोडी जुनी रेव एका जाळीच्या पिशवीत बांधून तीन आठवडे टाकीत टांगून ठेवली आणि पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट मोजले. दोन्ही शून्यावर राहिले. वाळू घालताना मासे स्पंज फिल्टर लावलेल्या टबात होते. पाणी परत भरताना वाळूवर जेवणाचे ताट ठेवून त्यावर धार सोडली, तरीही पहिल्या दिवशी टाकीत धुके पसरल्यासारखे दिसत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी स्वच्छ झाले. वाळू धुताना कंटाळा केला असता तर हेच धुके आठवडाभर राहिले असते.

कुलींना टाकीत सोडल्यावर जे झाले त्यासाठी मी तयार नव्हतो. पहिला मासा तळाला टेकला, क्षणभर स्थिर राहिला आणि मग डोके खाली करून, अंगाला दोन-तीन हेलकावे देऊन शेपटीसकट वाळूत नाहीसा झाला. पाच मिनिटांत आठही मासे दिसेनासे झाले आणि टाकी पूर्वीपेक्षाही रिकामी दिसू लागली, तेव्हा मी चूक तर केली नाही ना, असे वाटून गेले. पण रात्री दिवा मालवून मोबाइलच्या अंधुक उजेडात पाहिले तर वाळूतून ठिकठिकाणी नाके वर आलेली होती. तिसऱ्या आठवड्यापासून ते संध्याकाळी, दिवा चालू असतानाही, गटाने बाहेर येऊ लागले. याचा अर्थ मला असा लागतो की, वाटेल तेव्हा गडप होता येते याची खात्री पटल्यावरच हा मासा बाहेर हिंडायला धजावतो. वाळूचा घास तोंडात घेऊन, त्यातले खाण्यासारखे ठेवून उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडण्याची त्याची पद्धत रेवेच्या काळात मी कधीच पाहिली नव्हती, कारण चार मिलिमीटरचा खडा त्याच्या तोंडात जाणेच शक्य नव्हते.

योयो वाळूत शिरत नाहीत, पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी काळ्या दगडाखालची वाळू उकरून आपापल्या आकाराचे खळगे केले. बुडणाऱ्या गोळ्या आता पृष्ठभागावरच राहतात आणि त्या शोधताना सहाही मासे नाक वाळूत घालून एका रांगेत टाकीची लांबी पालथी घालतात. त्या वेळी येणारा टकटक आवाज काचेबाहेरही स्पष्ट ऐकू येतो. बोथट झालेल्या मिशा चार-पाच महिन्यांत एका माशाच्या बऱ्यापैकी वाढल्या, दुसऱ्याच्या मात्र तशाच राहिल्या. ज्यांच्याकडे उकरणारे मासे आहेत त्यांनी एक काळजी घ्यावी. मोठे दगड वाळूवर न ठेवता आधी काचेच्या तळावर ठेवावेत आणि मग भोवती वाळू ओतावी, नाहीतर खालची वाळू उकरली गेल्यावर दगड कलंडून एखादा मासा त्याखाली सापडतो.

आता तक्रारींकडे वळतो. पहिली तक्रार रंगाची आहे. ही वाळू फिकट पिवळसर-पांढरी आहे आणि तिच्यावर पडलेला उजेड खालून वर परावर्तित होतो. अंधाऱ्या तळाशी राहण्याची सवय असलेल्या माशांना दोन्हीकडून उजेड मिळणे आवडत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत योयो इतके फिके पडले की त्यांच्यावरची अक्षरे वाचता येईनात. दिव्याचा वेळ सहा तासांवर आणला, वर तरंगणाऱ्या वनस्पती सोडल्या, मातीच्या फुटक्या कुंड्या आणि उकळून घेतलेल्या करवंट्या मांडल्या आणि रस्त्याकडेच्या बदामाची वाळलेली पाने धुऊन तळाशी पसरली, तेव्हा कुठे रंग परत आला. पानांनी पाण्याला हलका चहाचा रंग येतो. तो मला आवडतो, घरातल्या सगळ्यांना आवडतोच असे नाही. तपकिरी वाळू याच दर्जाची आणि याच दरात मिळाली असती तर मी डोळे झाकून ती घेतली असती.

दुसरी तक्रार फिल्टरच्या संदर्भातली आहे, पण तिचा दोष वाळूपेक्षा माझ्याकडे अधिक जातो. टाकीबाहेर बंद डब्यात चालणाऱ्या कॅनिस्टर फिल्टरची पाणी ओढणारी नळी तळापासून जेमतेम पाच सेंटिमीटर वर होती. योयोंनी उडवलेली वाळू तिच्यातून आत गेली आणि दहाव्या दिवशी मोटारीतून दळणाच्या गिरणीसारखी घरघर ऐकू येऊ लागली. फिरते चाक काढून पाहिले तर त्याच्या पात्यांत वाळूचे कण अडकलेले होते. सुदैवाने चाक झिजण्यापूर्वी ते लक्षात आले. नळी पंधरा सेंटिमीटर उंचीवर घेऊन तिच्या तोंडाला जाड स्पंज बसवल्यावर आवाज पुन्हा आला नाही. हा स्पंज लोच पाळणाऱ्याने वाळू नसली तरी बसवावाच, कारण कुली नळीच्या फटीतून आत शिरून थेट फिल्टरच्या डब्यात मुक्कामाला जातात. टाकीवर फट न ठेवता झाकण असणेही तितकेच आवश्यक आहे; उड्या मारण्यात हे मासे पटाईत असतात.

घाणीबाबत लोकांची मोठी दिशाभूल होते. वाळू टाकल्यावर टाकी अधिक घाण दिसू लागली, असे म्हणणारे चुकीचे पाहत नाहीत. रेवेत घाण खाली उतरते आणि दृष्टीआड होते, वाळूवर मात्र ती वरच राहते आणि विष्ठेची प्रत्येक काडी पांढऱ्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. मला स्वतःला ती दिसलेलीच बरी वाटते, कारण सायफन नळी वाळूच्या बोटभर वर धरून फिरवली की ती अलगद ओढली जाते आणि वाळू जागेवर राहते. हे कौशल्य यायला मला तीन-चार वेळा लागले आणि तोवर दोन-तीन वाट्या वाळू बादलीत गेली. आठवड्याला तीस टक्के पाणी बदलण्याचा माझा पूर्वीचाच क्रम मी चालू ठेवला आहे आणि नायट्रेट वीसच्या खाली राहते.

वाळू घट्ट बसून तिच्यात हवाबंद जागा तयार होतात आणि तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठतो, ही भीती बहुतेकांना असते. कुलींच्या टाकीत दीड वर्षात तसा एकही बुडबुडा दिसला नाही, कारण आठ नांगर तिथे रात्रभर चालू असतात. योयोंच्या टाकीत मात्र मागच्या कोपऱ्यात, मोठ्या लाकडाच्या ओंडक्याखाली, काचेतून काळसर डाग दिसू लागला होता. तेव्हापासून मी पंधरा दिवसांतून एकदा, पाणी बदलण्यापूर्वी, जुन्या काटकीने ती जागा हलक्या हाताने मोकळी करतो. इतरांना या कामासाठी वाळूत राहणाऱ्या मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी पाळण्याचा सल्ला दिला जातो आणि तो चांगलाही आहे, पण योयोंच्या टाकीत त्या गोगलगायी म्हणजे मेजवानी ठरतात.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर चढला. वाळूतले सिलिका विरघळून हे शेवाळ वाढते, असे सांगितले जाते. पण ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही; शिवाय नव्याने मांडलेल्या कोणत्याही टाकीत हा थर काही काळ येतो, त्यामुळे मी काही न करता काच पुसत राहिलो. आठव्या आठवड्यापर्यंत तो आपोआप गेला.

एक प्रसंग वाळूच्या बाजूने नोंदवण्यासारखा आहे. मध्यंतरी एका दुकानातून मी दोन नवे योयो आणले आणि चौथ्या दिवशी त्यांच्या परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले. पांढऱ्या ठिपक्यांचा हा रोग लोचना फार लवकर जडतो आणि औषधाची मात्राही त्यांना इतर माशांपेक्षा लवकर बाधते. सुदैवाने नवे मासे विलगीकरणाच्या स्वतंत्र टाकीत होते. ही टाकी साफ करायला सोपी जावी म्हणून तिचा तळ उघडा ठेवण्याची पद्धत आहे, परंतु उघड्या काचेवर हे दोन्ही मासे रात्रंदिवस काचेला घासत वरखाली पळत होते आणि आधीच आजारी असलेल्या माशांना तो ताण परवडणारा नव्हता. म्हणून मी काचेच्या पसरट भांड्यात उरलेली वाळू घालून ते टाकीच्या एका कोपऱ्यात, कुंडीच्या तुकड्याखाली ठेवले. तासाभरात दोघे त्यात जाऊन बसले. पाणी हळूहळू 30 अंशांपर्यंत नेले, उष्ण पाण्यात प्राणवायू कमी राहतो म्हणून हवेचा पंप वाढवला आणि औषध निम्म्या मात्रेपासून सुरू केले. माशाच्या अंगावरून गळून पडलेला परजीवी तळाशी जाऊन वाढतो आणि औषध लागू पडते ते तिथून बाहेर पडलेल्या पोहत्या पिलांवरच. त्यामुळे ते भांडे रोज बाहेर काढून त्यातली वाळू बदलत होतो. स्वस्त वाळूचा हा फायदा असा की काढलेली वाळू टाकून देताना जीव हळहळत नाही.

खर्चाचे सांगायचे तर मला ही वाळू किलोला बारा रुपयांच्या आसपास पडली. माशांच्या दुकानातली पाकीटबंद वाळू त्याच आठवड्यात याच्या सहापट दराने विचारून आलो होतो. रिक्षावाल्याने गोणी उचलण्याचे वेगळे पैसे घेतले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या कमरेने त्याची बाजू घेतली.

ही वाळू कोणी घेऊ नये, हेही स्पष्ट लिहितो. मुळांवाटे पोषण घेणाऱ्या वनस्पतींची दाट बाग करायची असेल तर हिच्यात पोषण काहीच नाही. मी कुंडीतल्या वनस्पती आणि लाकडाला बांधलेले जावा फर्न यांवर भागवतो. वेगवान, थंड प्रवाहात दगडांना चिकटून राहणारे हिलस्ट्रीम लोच पाळणाऱ्यांना वाळूपेक्षा गुळगुळीत गोटे, जोरदार प्रवाह आणि भरपूर प्राणवायू यांची गरज असते. दोन फुटी टाकीत क्लाउन लोच ठेवणाऱ्यांना तर कोणत्याही तळाचा उपयोग नाही. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला हा मासा वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, वीस वर्षांहून अधिक जगू शकतो आणि त्याला गटानेच राहायचे असते. माशांच्या दुकानात झेब्रा लोचही मिळत होते. झेब्रा लोच, शास्त्रीय नावाने बोटिया स्ट्रायाटा, हा आपल्या सह्याद्रीतला मासा. 1920 मध्ये तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन झाले आणि कृष्णेच्या खोऱ्यात तो आपल्याकडेही सापडतो. तो या वाळूवर उत्तम राहील याबद्दल मला शंका नाही. परंतु धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे आणि बाजारात येणारे पुष्कळसे मासे नदीतूनच पकडलेले असतात, म्हणून मी ते घेतले नाहीत.

पाचपैकी मी या वाळूला चार तारे देतो. अर्धा तारा रंगासाठी कापला आहे आणि अर्धा गोणीवर धुळीची सूचना नसल्याबद्दल. उरलेली वाळू जिन्याखालच्या डब्यात कोरडी करून ठेवली आहे आणि विलगीकरणाच्या टाकीतले पसरट भांडे तिनेच भरलेले असते. गेल्या महिन्यात मित्रासाठी आणखी एक गोणी आणायला त्याच दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारांनी या वेळी तलावाचे माप विचारले नाही. मासे किती आहेत, एवढेच विचारले.